रविवारी माणसं कमी, मंगळवारी जास्त: हॉटेलचा ड्युटी-तक्ता कसा बसवावा?

पत्र: कोथरूडमध्ये आमचं नाश्ता-जेवणाचं हॉटेल आहे. सासऱ्यांनी सुरू केलं; गेल्या वर्षापासून हिशेब आणि माणसं मी बघते. स्वयंपाकघर सोडून हॉलमध्ये १२ कायम माणसं आहेत. आठ तासांची ड्युटी, आठवड्याला एक सुट्टी. पगार, पीएफ, ईएसआय, बोनस, जेवण धरून एकाचा महिन्याचा खर्च साधारण २०,००० रुपये. माझ्या अंदाजाने सोमवार ते बुधवार ७ माणसं पुरतात, गुरुवारी ८, शुक्रवारी ९, शनिवारी १२ आणि रविवारी १३ लागतात. शनिवार-रविवारची जादा गर्दी सकाळी आठ ते एक एवढीच असते. सुट्ट्या मात्र जुन्या पद्धतीने चालल्यात: रविवारी चौघं, सोमवारी आणि गुरुवारी दोघं-दोघं, बाकी दिवशी एकेक. त्यामुळे शनिवारी एकाला आणि रविवारी दोघांना सुट्टीवरून बोलावते, दुप्पट दराने, दर माणशी १,२०० रुपये. तरी रविवारी धावपळ होतेच. सीए म्हणतात, दोन माणसं कमी करा. भाच्याने एक्सेलमध्ये गणित घातलं. पाच तासांच्या पार्ट-टाइम माणसाचे ५०० रुपये धरले, तर उत्तर आलं की एकही कायम माणूस ठेवू नका! शिवाय आमच्याकडे २२ वर्षं असलेल्या काकांची रविवारची सुट्टी सासऱ्यांनी शब्द देऊन ठेवलेली आहे. पगाराचा खर्च कमी व्हावा, पण माणसं दुखावू नयेत, असा तक्ता बसतो का?

ताई, बसतो. आकडे इतके नीट पाठवलेत की मला कागद-पेन्सिल घेऊन लगेच बसता आलं.

आधी एक बेरीज करा. तुम्हाला आठवड्याभरात लागणारे माणूस-दिवस (एका माणसाचा एक दिवस म्हणजे एक) ७, ७, ७, ८, ९, १२ आणि १३ मिळून ६३ होतात. तुमच्याकडे १२ माणसं प्रत्येकी सहा दिवस येतात, म्हणजे ७२. आठवड्याला नऊ माणूस-दिवस शिल्लक असताना तुम्ही दर आठवड्याला तिघांना दुप्पट पैसे देऊन बोलावताय. माणसं कमी नाहीत, ती चुकीच्या दिवशी हजर आहेत. मंगळवारी आणि बुधवारी ११ जण येतात आणि काम सातजणांचं असतं. रविवारी १३ लागतात आणि आठच येतात. सीएंनी पगारपत्रक बघून सल्ला दिला, पण पगारपत्रकात वार दिसत नाही. सुट्ट्या आहेत तशाच ठेवून दोन माणसं कमी केलीत, तर रविवार आणखी बिघडेल आणि ओव्हरटाइम वाढेल.

आज तुमचा खर्च असा आहे: पगाराचे २,४०,००० आणि ओव्हरटाइमचे महिन्याला सरासरी १५,६००, मिळून २,५५,६००. आता एकही माणूस न काढता फक्त सुट्ट्या सोमवार ते शुक्रवारात हलवल्या, तर शनिवारी १२ जण हजर, म्हणजे पुरेसे. रविवारीही १२, एक कमी. तिथे सकाळी पाच तासांसाठी एक पार्ट-टाइम माणूस घेतला की झालं. त्याचे महिन्याला सुमारे २,१७० रुपये. ओव्हरटाइम शून्य. एकूण २,४२,१७०. कुणाची नोकरी न जाता महिन्याला १३,४०० रुपये वाचले, आणि रविवारची धावपळही थांबली.

यापुढे जायचं तर भाच्याच्या गणिताकडे यावं लागतं. त्याला रागावू नका. त्याने जे केलं त्याला जुनी परंपरा आहे. न्यूयॉर्कच्या पोर्ट अथॉरिटीच्या टोलनाक्यांवर कधी किती खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि त्यासाठी किती माणसांना कोणत्या वेळी बोलवायचं, यावर लेस्ली ईडी यांनी १९५४ मध्ये लेख लिहिला. त्याच वर्षी गणितज्ञ जॉर्ज डँटझिग यांनी दाखवलं, की हा सगळा प्रश्न रेषीय समीकरणांत मांडता येतो: प्रत्येक प्रकारच्या ड्युटीवर किती माणसं ठेवायची ही अज्ञातं, प्रत्येक वेळेला गरजेइतकी तरी माणसं हवीत ही अट, आणि एकूण खर्च कमीत कमी हे उद्दिष्ट. विमान कंपन्या, रुग्णालयं, कॉल सेंटर आजही मुळात हेच करतात. तुमच्या कायम माणसांसाठी अज्ञातं सातच आहेत: सोमवारी किती जणांना सुट्टी, मंगळवारी किती जणांना, असं रविवारपर्यंत. एक्सेलमध्ये असं गणित सोडवणारी सॉल्व्हर नावाची सोय असते, तिला हे क्षणात सुटतं. फक्त उत्तर पूर्णांकात हवं अशी अट घालायला विसरू नका, नाहीतर ते अर्धा-पाव माणूस ठेवायलाही सांगू शकेल.

मग भाच्याचं उत्तर असं विचित्र का आलं? कारण त्याने एक पार्ट-टाइम माणूस आणि एक कायम माणूस सारखेच मोजले. कायम माणसाचे २०,००० भागिले २६ दिवस केले तर दिवसाला ७६९ रुपये पडतात, पार्ट-टाइमचे ५००. सॉल्व्हरने स्वस्त ते उचललं. सगळे ६३ दिवस पार्ट-टाइमने भरले तर महिन्याला १,३६,५०० रुपयेच लागतात, आणि कागदावर ते खरोखरच सगळ्यात स्वस्त आहे. पण ७६९ रुपयांत आठ तास मिळतात, म्हणजे तासाला ९६. आणि ५०० रुपयांत पाच तास, म्हणजे तासाला १००. मंगळवारी तुम्हाला माणूस दिवसभर हवा असतो. त्या आठ तासांना पार्ट-टाइम दराने ८०० रुपये लागतील. रविवारची जादा गर्दी मात्र पाच तासांचीच आहे. तिथे कायम माणूस ठेवला तर उरलेले तीन तास त्याला काम नाही आणि पैसे मात्र पूर्ण. म्हणून दिवसभराची गरज कायम माणसांनी भरायची आणि सकाळची उसळी पार्ट-टाइमने. भाच्याला सांगा, दिवसाऐवजी तास मोज. मग उत्तर शहाण्यासारखं येईल.

पार्ट-टाइम माणसांचीही हजेरी आणि पगार नीट नोंदवा. पीएफ, ईएसआय आणि किमान वेतन त्यांनाही लागू होतं. ५०० रुपयांत ते धरलं नसेल तर त्यांचा तास आणखी महाग पडेल, म्हणजे वरचा मुद्दा अधिकच पक्का होतो.

सगळ्या सुट्ट्या सोमवार ते शुक्रवारातच ठेवून, तासांनी मोजून नवं गणित केलं की उत्तर येतं १० कायम आणि आठवड्याला पाच पार्ट-टाइम पाळ्या, शनिवारी दोन आणि रविवारी तीन. खर्च सुमारे २,१०,८००. सीएंचा आकडा बरोबर निघाला असं वाटेल. मी तरीही तुम्हाला ११ वर थांबायला सांगणार आहे, आणि या उत्तरातली माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे.

दहा माणसं सोमवार ते शुक्रवारात एकेक सुट्टी घेऊन त्या पाच दिवसांत ४० माणूस-दिवस देतात. गरज ३८ ची. शिल्लक दोन. आता रजा मोजा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ नैमित्तिक रजा, आठ सणांच्या पगारी सुट्ट्या आणि वर्षात २४० दिवस भरलेल्याला कामाच्या दर २० दिवसांमागे एक पगारी रजा ठरवली आहे. वर्षाला माणशी साधारण ३० दिवस होतात. दहा माणसांचे ३०० दिवस, म्हणजे आठवड्याला सहाच्या जवळ. तुमच्या तक्त्यात शिल्लक दोनच. उरलेले चार दिवस कुठून येणार? रजा नाकारून, किंवा दुप्पट दराने बोलावून. सॉल्व्हरला रजा माहीत नाही, ताप माहीत नाही, मुलाची शाळा माहीत नाही. त्याने १० म्हटलं ते कुणीच कधी गैरहजर राहत नाही असं धरून.

अकरा माणसांचं गणित बघा. सोमवारी तिघांना सुट्टी, मंगळवारी तिघांना, बुधवारी दोघांना, गुरुवारी दोघांना, शुक्रवारी एकाला. हजर राहतील ८, ८, ९, ९, १०. म्हणजे पाचही दिवस गरजेपेक्षा निदान एक माणूस जास्त, बुधवारी दोन. आठवड्याला सहा माणूस-दिवस हाताशी, आणि अकरा जणांची रजाही आठवड्याला सहाच्या थोडी वरच होते. रजा ज्याची त्याला मिळेल आणि कुणाला सुट्टीवरून ओढून आणावं लागणार नाही. कुणीच रजेवर नसलं त्या दिवशी जादा माणूस दिसेल; तेव्हा भांडार लावणं, पंखे पुसणं, नव्या मुलाला शिकवणं ही कामं असतातच. तो माणूस फुकट उभा आहे असं सीएंना वाटू देऊ नका.

बाराव्या माणसाला काढायचं नाही. हॉटेलच्या धंद्यात माणसं स्वतःहून गावाकडे परततात, दुसरीकडे जातात. एक जण आपण होऊन गेला की त्याच्या जागी नवा घेऊ नका, एवढंच. तोवर १२ माणसांचा नवा तक्ता चालू द्या. त्यातही तुमचे पैसे वाचतच आहेत.

आता काका. अकरा माणसं आणि सगळे शनिवार-रविवार हजर असं धरलं तर शनिवारी एक आणि रविवारी दोन पार्ट-टाइम पाळ्या लागतात. काकांना दर रविवारी सुट्टी दिली तर आणखी एक पाळी, महिन्याला २,१७० रुपये. सासऱ्यांच्या शब्दाची किंमत एवढीच आहे. बावीस वर्षं ज्याने हॉल सांभाळला त्याच्यासाठी ती मला जास्त वाटत नाही. पण बाकीच्यांचं काय, हा प्रश्न दुसऱ्याच दिवशी येईल, आणि तो रास्त आहे. लग्नं, मुंजी, बारशी, पोरांचे खेळ, सगळं रविवारी असतं. ज्याला वर्षभर एकही रविवार मिळत नाही तो दुसरी नोकरी शोधू लागतो, आणि नव्या माणसाला तयार होईपर्यंतचे महिने तुमच्या हिशेबात कुठेच लिहिलेले नसतात.

म्हणून माझं म्हणणं: दर रविवारी दोघांना सुट्टी द्या. एक जागा काकांची, दुसरी बाकीच्या दहांत फिरती. प्रत्येकाला दहा आठवड्यांत एक रविवार मिळेल. तेवढं पुरेसं वाटलं नाही तर काकांशी बोला. त्यांनी महिन्यातला एक रविवार सोडला तर इतरांच्या वाट्याला लवकर येतो. हे त्यांना एकट्याने, बसून, मानाने विचारा, सगळ्यांसमोर नको. मला वाटतं, हुकूम झाला तर ते नाही म्हणतील आणि विचारलं तर हो म्हणतील. शनिवारची एक आणि रविवारच्या चार मिळून पाच पाळ्या होतात, महिन्याला सुमारे १०,८३०. एकूण खर्च २,३०,८३० च्या आसपास. आजच्यापेक्षा जवळजवळ २४,८०० रुपये कमी. दहा माणसांच्या तक्त्यापेक्षा हा २०,००० रुपयांनी महाग आहे, आणि ते २०,००० मी जाणूनबुजून खर्च करायला सांगतोय.

फिरती सुट्टी लावताना एक खड्डा आहे. एखाद्याची सुट्टी या आठवड्यात सोमवारी आणि पुढच्या आठवड्यात शुक्रवारी आली, तर तक्त्यात आठवड्याला एक सुट्टी दिसते, पण तो मंगळवारपासून पुढच्या गुरुवारपर्यंत सलग दहा दिवस राबतो. हे फार ठिकाणी होतं आणि मालकाच्या लक्षातही येत नाही. म्हणून फिरता रविवार त्या आठवड्याच्या सोमवारवाल्यालाच द्या: त्याची सोमवारची सुट्टी एक दिवस अलीकडे आणा. मग त्या रविवारनंतर पुढच्या आठवड्यातल्या सोमवारच्या सुट्टीपर्यंत सलग सात दिवस होतात, त्याहून जास्त नाही. आणि सोमवारवाले तिघं कोण हे दर महिन्याला बदलत ठेवा, म्हणजे सगळ्यांचा नंबर लागतो.

ड्युटी आठ तासांची ठेवलीत हे चांगलं केलंत, ती वाढवू नका. २०१७ च्या त्याच कायद्याने दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तास ठरवले होते. सहा दिवस नऊ-नऊ तास केले की ५४ होतात आणि सहा तासांचे दुप्पट पैसे आपोआप लागू होतात. मर्यादांमध्ये बदल होत असतात, तेव्हा नवा तक्ता लावण्यापूर्वी सध्याचे आकडे सल्लागाराकडून लेखी घ्या. पार्ट-टाइमऐवजी कायम माणसांनाच ब्रेक शिफ्ट द्यावी, असंही कुणीतरी सुचवेल: सकाळी साडेसात ते बारा, मग घरी, मग संध्याकाळी सहा ते साडेनऊ. कागदावर आठच तास भरतात. पण पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत १४ तास होतात, आणि २०१७ च्या कायद्यात ही मर्यादा मुळात साधारणपणे साडेदहा तासांची होती. धायरीत किंवा वारज्यात राहणारा माणूस दुपारी घरी जाऊन परत येऊच शकत नाही. तो हॉटेलच्या मागच्या खोलीत पोत्यांवर पडून राहतो. नकोच ते.

पार्ट-टाइम माणसं पुण्यात मिळतात. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं, कॉलेजची मुलं, आसपासच्या सोसायट्यांत राहणाऱ्या गृहिणी. शनिवार-रविवार सकाळचे पाच तास त्यांच्या सोयीचे असतात. पाच पाळ्यांसाठी पाचच माणसं धरू नका, सात-आठ जणांची यादी ठेवा, कारण परीक्षा जवळ आली की मुलं एकदम गायब होतात, आणि त्यांनी तेच करायला हवं.

आता तुमच्या अंदाजाबद्दल. ७ आणि १३ हे आकडे अनुभवातून आलेत, त्यावर माझा विश्वास आहे. पण गेल्या तीन महिन्यांचे केओटी, म्हणजे स्वयंपाकघरात जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या, तासवार काढून एकदा ताडून बघा. बिलाची वेळ घेऊ नका. बिल माणूस उठताना होतं, काम तो बसल्यापासून असतं. आणि रविवारी एक गोष्ट कुठल्याच कागदात सापडणार नाही: रांग बघून परत फिरलेली कुटुंबं. दोन-तीन रविवार कुणाला तरी दारात उभं करून ती मोजा. मला शंका आहे की तुमची खरी गरज १३ पेक्षा जास्त आहे, आणि आज जे गिऱ्हाईक परत जातं त्याचा तोटा एका पाळीच्या ५०० रुपयांपेक्षा मोठा असू शकतो. पावसाळ्यात सिंहगडावरून उतरणारी गर्दी तुमच्या बाजूला वळते का, हेही त्यातच कळेल.

दुसऱ्याचा तक्ता उचलू नका. भोसरीत किंवा चिंचवडमध्ये हॉटेल असतं तर मी गुरुवारी सुट्ट्या देऊ नका म्हटलं असतं, कारण तिथल्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवारची सुट्टी असते. कोथरूडला तो नियम लागत नाही. एकादशीला आणि चतुर्थीला मिसळ कमी जाते आणि साबुदाणा वडा जास्त. माणसं तेवढीच लागतात, स्वयंपाकघराचं गणित बदलतं. गणपतीचे दहा दिवस मात्र या तक्त्यात बसवूच नका, त्यांचा वेगळा कागद करा. त्यातही तुमची माणसं कुठली आहेत ते बघा. कोकणातली असतील तर नेमक्या त्याच दिवसांत गावी जाणार, बिहारची छठपूजेला, सातारा-सांगलीकडची चैत्र-वैशाखात गावच्या जत्रेला. नवा माणूस घेताना सगळे एकाच भागातले होणार नाहीत एवढं पाहिलंत, तर वर्षाची रजा आपोआप पसरते.

तक्ता दोन आठवडे आधी भिंतीवर लागला पाहिजे, आणि दोघांना आपसांत अदलाबदल करायची असेल तर तुमची सही घेऊन करू द्या. सही एवढ्याचसाठी की कुणाचे सलग दिवस वाढत नाहीत ना, ते तुमच्या नजरेखालून जाईल. बदल सांगताना रविवारची सुट्टी जाणाऱ्या बाकीच्या तिघांशी आधी बोला. त्यांचं आज काहीतरी जातंय, हे मान्य करा. त्यांना आठवड्यातला कोणता वार हवा ते पहिल्यांदा निवडू द्या. एकाला बायकोच्या सुट्टीचा वार हवा असेल, दुसऱ्याला उपवासाचा. सोमवार ते शुक्रवारात एवढी सवड आहे की तिघांचंही ऐकता येईल.

संध्याकाळच्या पाळीबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही. दुपारी दोन्ही पाळ्या एकमेकींवर चढतात तेव्हा हॉल रिकामा असतो का, हे बघा. तसं असेल तर काहींची ड्युटी दीड तास उशिरा सुरू करून तिथेही वाचवता येईल. सात दिवसांचे तासवार केओटी पाठवलेत तर तेही बसवून देतो.